जीनोमिक्समधल्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन कसे वाचावेत : गाईड शोधणाऱ्यांसाठी

दरवर्षी एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की मला फोन यायला लागतात. "ताई, जीनोमिक्समध्ये पीएचडी करायचीय. एका सरांची लॅब बघून ठेवलीय. गूगल स्कॉलरवर त्यांची नऊ हजार सायटेशन्स आहेत, एच-इंडेक्स 38. अर्ज करू ना?" मी विचारते, "त्या नऊ हजारांतली किती, कुठल्या पेपरची?" पलीकडे शांतता. (जीनोमिक्स म्हणजे सजीवाच्या अख्ख्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, अभ्यास. सायटेशन म्हणजे एका पेपरचा दुसऱ्या पेपरात आलेला संदर्भ. एच-इंडेक्स काय ते पायरी 5 मध्ये सांगते.)

मी स्वतः पीएचडीची पहिली लॅब निवडताना फक्त आकडा पाहिला होता. दीड वर्षानं लक्षात आलं की त्या आकड्यातला मोठा वाटा एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या पेपरांचा होता, आणि मला ज्या विषयात काम करायचं होतं त्यात त्या लॅबमधून सहा वर्षांत काहीच बाहेर पडलं नव्हतं. पेपरांची यादी तेव्हाही सगळ्यांसाठी उघडी होती. ती कशी वाचायची हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. एका संशोधकासाठी दोन दुपारी पुरतात. सोबत लॅपटॉप, इंटरनेट आणि एक कोरी एक्सेल शीट एवढंच हवं.

पायरी 1 : माणूस तोच आहे ना, ते आधी बघा

हे वाटतं तेवढं सोपं नसतं. पबमेडमध्ये, म्हणजे जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या पेपरांच्या मोफत सूचीमध्ये, लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं टाकून शोधतात. 'पाटील एस' टाकलंत तर संजय, स्मिता, सुहास, श्रद्धा असे सगळे पाटील एकाच रांगेत येऊन उभे राहतात. जीनोमिक्समध्ये वांग, झांग आणि ली या आडनावांचंही तेच होतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे पहिले आठ-दहा पेपर माहेरच्या आडनावावर राहतात आणि नव्या नावानं शोधलं तर सापडतच नाहीत.

यावर उत्तम उपाय म्हणजे ऑर्किड. 2012 पासून मिळणारा हा 16 अंकी ओळख क्रमांक असतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. संशोधकाच्या संस्थेच्या पानावर किंवा अलीकडच्या पेपरात नावाशेजारी हिरव्या गोल चिन्हावर तो सापडतो. भारतातल्या प्राध्यापकांसाठी इन्फ्लिबनेटचं 'विद्वान' हे संकेतस्थळही उपयोगी पडतं, कारण तिथे माणूस संस्थेसकट सापडतो.

गूगल स्कॉलरची प्रोफाइल ज्याची त्यानं बनवलेली असते, पण पुढे नवे पेपर स्कॉलर आपणहून त्यात घालत जातं. मालकानं अधूनमधून साफसफाई केली नाही, तर दुसऱ्याच कुणाचे पेपर तिथे येऊन बसतात. यात दरवेळी लबाडी असते असं नाही, बहुतेकदा दुर्लक्षच असतं. तरी यादी खालपर्यंत सरकवून बघा. जनुकांवर काम करणाऱ्या माणसाच्या यादीत काँक्रीटच्या ताकदीवरचा पेपर दिसला, तर वरचा एकूण आकडा लगेच बाजूला ठेवा.

पायरी 2 : यादी उतरवा, आणि आकड्याशेजारी उगम लिहा

एकाच माणसाचा सायटेशनचा आकडा गूगल स्कॉलरवर सगळ्यात मोठा दिसतो, स्कोपसवर त्याहून लहान, आणि वेब ऑफ सायन्सवर सहसा आणखी लहान. तिन्ही पेपर आणि सायटेशनच्या सूचीच, पण तिघं वेगवेगळं मोजतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच खुला केलेला पेपर), परिषदांमधले निबंध, सगळंच जमेस धरतं. बाकीचे दोघे मुख्यतः निवडलेल्या जर्नल्सपुरतं मोजतात. म्हणून एका सरांचा स्कॉलरचा आकडा आणि दुसऱ्या मॅडमचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढे 'कुठून' आणि 'कोणत्या तारखेला' हे दोन रकाने ठेवा.

जीनोमिक्ससाठी मी पबमेडची यादी पाया म्हणून घेते, सायटेशन स्कॉलरवरून भरते, आणि त्यानंतर बायोआर्काइव्ह बघते. कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीनं नोव्हेंबर 2013 मध्ये सुरू केलेलं हे प्रीप्रिंटचं भांडार आहे. जर्नलमध्ये छापून यायला कधी वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे नव्यानं लॅब थाटलेल्या संशोधकाचं ताजं काम बरेचदा इथेच सापडतं. एक काळजी घ्या : प्रीप्रिंट आणि छापील पेपर हे एकच काम असतं. शीटमध्ये ते दोनदा येऊ देऊ नका.

पायरी 3 : पेपरांचे तीन ढीग करा

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी ही. जीनोमिक्समधल्या सगळ्या सायटेशन्सना एकाच मापानं मोजता येत नाही. तीन तऱ्हेचे पेपर असतात आणि तिन्हींना सायटेशन मिळण्याची कारणं निराळी असतात.

पहिला ढीग साधनांचा : सॉफ्टवेअर, पद्धती, डेटाबेस. बीएस्सीला असताना तुम्ही ब्लास्टचं, म्हणजे डीएनएचा किंवा प्रथिनाचा क्रम डेटाबेसमध्ये शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रॅक्टिकल केलं असेल. त्याचा मूळ पेपर 1990 चा, अल्ट्शुल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा. सिक्वेन्सरमधून, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणाऱ्या यंत्रातून, निघालेले डीएनएचे लाखो तुकडे जीनोमवर आपापल्या जागी बसवणारं 'बीडब्ल्यूए' हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन या दोघांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी अशा जुळवलेल्या तुकड्यांच्या फायली हाताळणारं 'सॅमटूल्स'ही आलं. आज कुठेही जीनोम सिक्वेन्स झाला, की त्या पेपरच्या पद्धतीच्या विभागात 'तुकडे बीडब्ल्यूएनं जुळवले' असं एक वाक्य येतं आणि त्यापुढे सायटेशन. लिहिणाऱ्यानं मूळ पेपर वाचलेलाच असेल असं नाही. फोडणीत मोहरी पडते तितक्या सहजपणे ते सायटेशन पडतं.

म्हणून हे आकडे अफाट होतात. 'नेचर'नं 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या 100 पेपरांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक ऑलिव्हर लॉरी यांच्या 1951 च्या पेपरचा होता. प्रथिनाचं प्रमाण कसं मोजायचं हा त्याचा विषय, आणि सायटेशन्स 3 लाखांहून जास्त. तो काही थोर पेपर नव्हे, असं लॉरींनी स्वतःच म्हणून ठेवलं होतं. त्या शंभरांत ब्लास्ट होतं. वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर मात्र नव्हता. ज्ञान अंगवळणी पडलं की त्याचं सायटेशन थांबतं.

याचा अर्थ साधनांच्या पेपरला कमी लेखा, असा मुळीच नाही. उलट मला तर असं वाटतं की चालणारं सॉफ्टवेअर लिहून, पुढे दहा-दहा वर्षं त्यातल्या चुका दुरुस्त करत, जगभरातल्या अनोळखी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी माणसं आमच्या क्षेत्राची खरी पोशिंदी आहेत. मुद्दा वाचण्याचा आहे. सहा हजार सायटेशन्सचा साधनाचा पेपर सांगतो की हे साधन लोकांच्या कामी येतं. त्या संशोधकाचा जीवशास्त्रातला तर्क कसा आहे, हे त्यातून कळत नाही. तुम्हाला साधनं बनवायला शिकायचं असेल तर अशी लॅब सोन्यासारखी. आजाराचं जनुक शोधायचं असेल तर पुढचे ढीग बघा.

दुसरा ढीग महाप्रकल्पांचा. मानवी जीनोमचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2001 मध्ये दोन ठिकाणी प्रसिद्ध झाला : 15 तारखेला 'नेचर'मध्ये सार्वजनिक प्रकल्पाचा आणि 16 तारखेला 'सायन्स'मध्ये सेलेरा कंपनीचा. दोन्हींवर शेकडो नावं. जीनोमच्या कुठल्या भागाचं काय काम हे शोधणाऱ्या 'एनकोड' प्रकल्पाचे पेपर 2012 मध्ये आले, त्यात चारशेहून अधिक शास्त्रज्ञ होते. अशा पेपरवरच्या प्रत्येक नावाच्या खात्यात सगळी सायटेशन्स पूर्णच्या पूर्ण जमा होतात. ज्यानं पाच वर्षं विश्लेषणाची धुरा वाहिली त्यालाही तेवढीच, आणि ज्यानं काही नमुने पाठवले त्यालाही तेवढीच. काही पेपरांवर वर फक्त गटाचं नाव असतं आणि माणसांची नावं शेवटी येतात. पबमेड अशांना लेखकांपासून वेगळं काढून 'सहयोगी' म्हणून दाखवतं, तो फरक शीटमध्ये नोंदवा.

महाप्रकल्पात असणं ही चांगलीच गोष्ट आहे. अशा लॅबमधल्या विद्यार्थ्याला जगभरच्या बैठकांना बसता येतं, मोठा डेटा हाताळता येतो. फक्त ते सायटेशन एकट्याच्या कर्तबगारीच्या रकान्यात मांडू नका.

तिसरा ढीग स्वतःच्या प्रश्नाचा : लॅबनं एक प्रश्न विचारला, नमुने जमवले, उत्तर शोधलं. इथे आकडे लहान असतात. चाळीस, साठ, दीडशे. माणूस मात्र इथेच कळतो. हा ढीग तुम्हाला पुढे प्रत्यक्ष वाचायचा आहे.

पायरी 4 : नावाची जागा बघा

जीवशास्त्रात लेखकांचा क्रम बोलका असतो. पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम केलेल्याचं, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्याचं). शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं. मधली नावं मदतीची, कमीअधिक. ज्याच्या नावाला ईमेल जोडलेला असतो तो करस्पॉन्डिंग ऑथर. दोन नावांवर तारा असेल आणि खाली 'समान वाटा' असं लिहिलं असेल, तर दोघंही पहिलेच धरा. गणितात किंवा कणभौतिकीत नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावतात, तिथे हा हिशेब लागू नाही.

आपल्या जवळचं उदाहरण देते. सप्टेंबर 2019 मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याच्या डीएनएवरचा पेपर 'सेल'मध्ये आला. पहिलं नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांचं, शेवटचं हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांचं. साठेक नमुने तपासल्यावर एकाच बाईच्या अस्थीतून कामापुरता डीएनए हाती लागला होता. ज्यांच्या उत्खननातून त्या अस्थी आल्या ते पहिले, ज्यांच्या प्रयोगशाळेत प्राचीन डीएनएचं तंत्र आहे ते शेवटचे. याच सुमारास 'सायन्स'मध्ये दक्षिण आणि मध्य आशियातल्या 523 प्राचीन माणसांच्या जीनोमवरचा पेपर आला. त्यात पहिलं नाव वागीश नरसिंहन यांचं, शेवटचं पुन्हा राइक यांचं, आणि एकूण नावं शंभरावर. विषय शेजारचा, शेवटचं नाव तेच, पण पहिली नावं पाहिली की एक पेपर उत्खननाभोवती उभा आहे आणि दुसरा संख्याशास्त्रीय विश्लेषणाभोवती, हे चटकन ध्यानात येतं.

मधल्या नावांचं काम कळायला पेपरच्या शेवटी 'लेखकांचं योगदान' हा विभाग वाचा. कुणी कल्पना मांडली, कुणी नमुने गोळा केले, कुणी कोड लिहिला, हे तिथे आद्याक्षरांसह लिहिलेलं असतं. बरीच जर्नल्स यासाठी 14 भूमिकांची ठरलेली यादी वापरतात. ज्यांच्याकडे तुम्हाला जायचं आहे त्यांची आद्याक्षरं फक्त 'निधी मिळवला' आणि 'मसुदा तपासला' एवढ्यापुढेच दिसत असतील, तर तशी नोंद करा.

पायरी 5 : एच-इंडेक्स एकदा हातानं काढा

कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये हे माप सुचवलं. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून मोजत यायचं. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो एच-इंडेक्स.

समजा एका संशोधकाचे दहा पेपर आहेत आणि सायटेशन्स अशी : 4100, 95, 40, 22, 9, 6, 6, 3, 1, 0. सहाव्या पेपरला 6 आहेत, म्हणून तिथवर जमलं. सातव्याला 7 हवीत, आहेत 6. म्हणजे एच-इंडेक्स 6, आणि एकूण सायटेशन्स 4282. आता पहिला पेपर काढून टाका, समजा तो महाप्रकल्पाचा होता. उरले 95, 40, 22, 9, 6, 6, 3, 1, 0. एच-इंडेक्स मोजा : पुन्हा 6! एकूण मात्र 4282 वरून 182 वर आली. कागदावर हे एकदा स्वतः केलंत, की दोन्ही आकड्यांपैकी कुठला काय लपवतो हे कुणी सांगावं लागत नाही. एकूण आकडा एका पेपरनं फुगतो. एच-इंडेक्सला तो पेपर दिसतच नाही, मग तो उसन्या श्रेयाचा असो की आयुष्यातल्या सर्वोत्तम कामाचा.

शिवाय एच-इंडेक्स कधी घसरत नाही. माणूस निवृत्त झाला तरी जुन्या पेपरांवर तो वाढतच राहतो. त्यामुळे तीस वर्षं काम केलेल्या प्राध्यापकांचा 45 आणि चार वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेल्या मॅडमचा 14 यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी एच-इंडेक्सला भागण्याची कल्पना हिर्श यांनीच मांडली होती. भौतिकशास्त्रात वर्षाला 1 म्हणजे यशस्वी शास्त्रज्ञ, असा त्यांचा अंदाज होता. तो जीनोमिक्सला जसाच्या तसा लावू नका, कारण इथे पेपरही जास्त निघतात आणि नावंही जास्त असतात. शीटमध्ये तीन एच-इंडेक्स काढा : सगळ्या पेपरांचा, महाप्रकल्प वगळून, आणि फक्त पहिलं किंवा शेवटचं नाव असलेल्या पेपरांचा. तिसरा आकडा बघून मी सर्वांत जास्त ठरवते.

पायरी 6 : जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरला त्याच्या जागी ठेवा

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही आणि माणसाचा तर नाहीच. युजीन गारफील्ड यांच्या सायटेशन सूचीच्या कामातून तो आला. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. आणि सरासरी फसवी असते. स्फटिकशास्त्राच्या 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर 2008 मध्ये सुमारे 2 होता, तो 2009 मध्ये 49 च्या पुढे गेला. कारण एकच पेपर : जॉर्ज शेल्ड्रिक यांचा 'शेलएक्स' या सॉफ्टवेअरवरचा. त्या वर्षी त्याच अंकांत छापलेल्या बाकीच्या लेखांना त्यातून काय मिळालं? काहीच नाही.

आमच्या क्षेत्रात 'नेचर जेनेटिक्स', 'जीनोम रिसर्च', 'जीनोम बायोलॉजी' ही नावं वजनदार आहेत आणि तिथे पेपर येणं अवघड असतं, हे खरंच. पण बीडब्ल्यूए आणि सॅमटूल्स दोन्ही 'बायोइन्फॉर्मेटिक्स' या त्या मानानं साध्या जर्नलमध्ये आली होती. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आखलेल्या 'डोरा' जाहीरनाम्यात हेच स्पष्ट म्हटलं आहे, की माणसाची पारख जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये.

उलट टोकाला पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघायला हवं. 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीचं परीक्षण छापलं. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या जर्नल्सपैकी 1,009 तपासली, त्यातली 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. त्यानंतर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात केंद्र ठेवून यूजीसी-केअर यादी सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं तीही बंद केली आणि पारखण्याचं काम संस्थांवर सोपवलं. म्हणजे आता ते तुम्हालाही करायला हवं. अनोळखी जर्नल दिसलं तर त्यातले दोन-तीन लेख उघडा. आठवड्याभरात छापून देण्याची हमी, संपादक मंडळावर विषयाशी संबंध नसलेली माणसं, एकाच अंकात शेतीपासून वाणिज्यापर्यंत सगळं असं आढळलं, की समजून जा. यादीत असं एखादं असेल तर ठीक, पण निम्मी यादी तशी असेल तर दुसरी लॅब शोधा.

पायरी 7 : सायटेशन उघडून आत बघा

तिसऱ्या ढिगातले दोन-तीन पेपर निवडा. स्कॉलरवर प्रत्येकाखाली सायटेशनच्या आकड्याची लिंक असते, ती उघडली की उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी येते. त्यातले दहा-पंधरा वाचा, अख्खे नव्हे, तर उल्लेख जिथे आला आहे तो परिच्छेद. चार प्रकार दिसतील. प्रस्तावनेत पाच संदर्भांच्या जुडग्यात ओझरता उल्लेख. पद्धतीत वापर. निष्कर्षावर पुढचं काम उभारलेलं. किंवा विरोध : 'आमच्या नमुन्यांत हा निष्कर्ष मिळाला नाही.' चारही प्रकार मोजताना एकच धरले जातात.

विरोध दिसला म्हणून लगेच घाबरू नका. लोक ज्या कामाशी भांडतात ते त्यांनी वाचलेलं तरी असतं. त्या विरोधाला संशोधकानं पुढच्या पेपरात काय उत्तर दिलं, ते शोधा. मला गाईडचा स्वभाव बहुतेक वेळा तिथेच कळला आहे.

स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स स्कोपसवर वगळून बघता येतात. एकाच विषयावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याची काही सायटेशन्स स्वतःची असणारच. निम्म्याहून जास्त तशी असतील तर मात्र विचार करा.

वेगवेगळ्या विषयांतले पेपर तोलायचे असतील तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं 'आयसाइट' हे मोफत साधन वापरा. पबमेडचे क्रमांक टाकले की प्रत्येक पेपरसाठी विषय आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेलं गुणोत्तर मिळतं. एनआयएचच्या अनुदानातून झालेल्या त्या वर्षीच्या सर्वसाधारण पेपरची पातळी म्हणजे 1. कर्करोगाच्या जीनोमवर शेकडो लॅब्ज काम करतात आणि बाजरीच्या जीनोमवर त्या मानानं मोजक्या, त्यामुळे नुसत्या सायटेशनच्या आकड्यांत बाजरीवाल्यावर अन्यायच होतो.

आणि काही परिणाम सायटेशनमध्ये उमटतच नाहीत. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट भीम सिंघल यांनी अग्रवाल समाजातल्या मुलांमध्ये दिसणाऱ्या, डोकं मोठं होत जाणाऱ्या आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाला ग्रासणाऱ्या एका आजाराचं वर्णन 1990 च्या दशकात केलं. पुढे 2001 मध्ये 'एमएलसी1' हे जनुक सापडलं, आणि या समाजातल्या बहुतेक रुग्णांत त्यातला एकच बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्याचं दिसलं. आज अशा घरातलं मूल दवाखान्यात आलं तर डॉक्टरांना नेमका कोणता बदल तपासायचा ते माहीत असतं. त्या आई-बापांच्या दृष्टीनं याहून मोठा परिणाम कोणता? पण दुर्मीळ आजारावर पेपर लिहिणारे थोडे, म्हणून सायटेशन देणारेही थोडे. तीच गोष्ट डेटाची. क्लिनव्हार या भांडारात एखाद्या लॅबनं नोंदवलेला जनुकबदल रोज कुठल्या ना कुठल्या निदानात वापरला जातो, आणि त्याचं सायटेशन बहुधा कुणी देत नाही.

म्हणून पेपरमधला 'डेटा कुठे मिळेल' हा विभाग जरूर वाचा. सिक्वेन्स 'एसआरए' किंवा 'जिओ' या सार्वजनिक भांडारांत किंवा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा आहे का? क्रमांक दिलाय का? तो क्रमांक टाकल्यावर खरंच काही उघडतं का? 'मागणी केल्यास देऊ' एवढंच लिहिलं असेल, तर रुग्णांच्या गोपनीयतेचं कारण दिलंय का, ते बघा. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड असेल तर शेवटचा बदल कधी झाला तेही.

पायरी 8 : मागे घेतलेले आणि दुरुस्त केलेले पेपर

पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक सूचना असते. 'रिट्रॅक्शन वॉच'च्या डेटाबेसमध्ये नाव टाकूनही शोधता येतं. दुरुस्ती आणि मागे घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मागे घेतलेल्या पेपराचंही कारण वाचा. चूक स्वतः सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणाऱ्या माणसाबद्दल माझा आदर वाढतो. चित्रांची फेरफार, खोटे नमुने असं कारण दिसलं तर पुढचं काही बघू नका.

साध्या चुका किती सर्रास होतात याचं एक उदाहरण, तुमच्या एक्सेल शीटशी संबंध असलेलं. एक्सेल काही जनुकांची नावं तारीख समजून बदलून टाकतं. 'मार्च1' किंवा 'सेप्ट2' असं जनुक लिहिलं की त्याचं 1 मार्च किंवा 2 सप्टेंबर होतं. 2016 मध्ये 'जीनोम बायोलॉजी'त आलेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशी चूक सापडली. शेवटी 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली : 'मार्चएफ1', 'सेप्टिन2'. पेपरांची यादी एक्सेलमध्ये खुशाल करा, जनुकांचा रकाना मात्र आधी 'टेक्स्ट' करून ठेवा.

पायरी 9 : विद्यार्थ्यांची नावं शोधा

ही पायरी कुठल्याच मार्गदर्शिकेत मला दिसली नाही, आणि गाईड निवडताना हीच सर्वांत उपयोगी पडते. शेवटचं नाव गाईडचं असलेले मागच्या सात-आठ वर्षांतले पेपर वेगळे काढा. त्यांची पहिली नावं एका रकान्यात लिहा. मग शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या भांडारात, त्याच गाईडकडे पूर्ण झालेले प्रबंध बघा. प्रबंध झालेल्या प्रत्येकाच्या नावावर पहिला पेपर आहे का? प्रवेशापासून पहिल्या पेपरपर्यंत किती वर्षं लागली? तेच एक-दोन पोस्टडॉक दरवेळी पहिले आणि विद्यार्थी कायम मधे, असं तर नाही ना? ती मुलं आज कुठे आहेत?

यातल्या एक-दोघांना लिहा. नम्रपणे, थोडक्यात, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका. "लॅबमध्ये पेपरवर नाव कुणाचं हे कधी ठरतं?" एवढा एकच प्रश्न पुरतो.

पायरी 10 : मग मेल लिहा

एव्हाना तुम्ही त्या लॅबचे दोन-तीन पेपर नीट वाचलेले असतील. मेलमध्ये 'आपला एच-इंडेक्स पाहून अत्यंत प्रभावित झाले' असं लिहू नका. वाचलेल्या एका पेपरचं नाव घ्या, आणि वाचताना खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा : अमुक आकृतीत किनारपट्टीचे नमुने वेगळे का पडले, किंवा नमुन्यांची संख्या कमी असताना अमुक चाचणी का निवडली. प्रश्न साधा असला तरी चालेल, तुमचा असला पाहिजे. नेट-जेआरएफची स्थिती एका ओळीत, बायोडेटा जोडलेला, मेल दहा ओळींच्या आत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एकदा आठवण करा. तोवर दुसऱ्या नावासाठी नवी शीट उघडा.